रेशनकार्डावरचं नाव

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "चौपन्न वर्षं झाली रे. आता तरी सोडा की तो विषय." मी तेव्हा गप्प बसलो. राग आला होता, आणि रागात तुझ्याशी बोलायचं नव्हतं. म्हणून लिहितोय.

विषय म्हणजे १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात बेपत्ता झालेले आपले सैनिक. तो निघाला हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर यांच्यावरून. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा तुझीच आठवण आली. त्यांची गोष्ट आपण एकमेकांना किती वेळा सांगितली असेल! १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत कैदी झाले. मग पुढच्या ऑगस्टमध्ये सोबतचे कैदी वैमानिक ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावर, जमरूद, लंडी कोतल... अफगाण सरहद्द अगदी हाताशी आली होती. तिथे त्यांनी लंडी खाना कुठे म्हणून विचारलं आणि घात झाला, पुन्हा पकडले गेले. नकाशावरचं ते स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलेलं. तरी १ डिसेंबर १९७२ ला ते वाघ्यावरून चालत घरी आले. म्हणून तर ती गोष्ट आपल्याला एवढी आवडते.

आता दुसरी. परुळकरांच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या हवाई तळावर हल्ला करायला गेले. ३२ नंबरची स्क्वाड्रन, विमान तेच, सुखोई-७. एकाच माणसाचं विमान रे ते. शेजारच्या आसनावर कुणी नाही की परत येऊन काय झालं ते सांगेल. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. बायको दमयंती, बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, अर्जुन पुरस्कार मिळालेली. युद्ध चालू असतानाच पाकिस्तान रेडिओवर पकडलेल्या वैमानिकांची नावं सांगितली, त्यात त्यांनी नवऱ्याचं नाव ऐकलं. ढाक्याच्या एका वर्तमानपत्रातही पकडलेल्यांमध्ये 'टॉम्बे' असं नाव छापून आलं. म्हणजे माणूस जिवंत आहे, छावणीत आहे, आज ना उद्या येईल. वाघ्यावरून वैमानिक परतले, त्यांत तांबे नव्हते.

आपल्या ताब्यात तेव्हा ९३,००० युद्धकैदी होते, विन्या. ते सगळे आपण परत केले, ते योग्यच केलं. पण त्या वेळी आपल्या एकेका माणसाचा हिशेब बोट ठेवून मागायला हवा होता. हे मला आजही सहन होत नाही.

तू म्हणशील, रेडिओवरचं नाव म्हणजे काही पुरावा नव्हे. मग मेजर अशोक सुरींचं बघ. त्यांना युद्धात मृत ठरवलं होतं. १९७४ च्या डिसेंबरात वडिलांच्या हाती मुलाची चिठ्ठी पडली. पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक आली, त्यात लिहिलं होतं की आम्ही इथे २० अधिकारी आहोत. अक्षर तपासलं गेलं, आणि सरकारी कागदावर 'मृत' होतं तिथे 'बेपत्ता' आलं. मृत्यूनंतर माणसाची बढती होते तशी ही. पण त्या बापाला पुढे मुलगा काही दिसला नाही.

अशा ५४ जणांची यादी वर्षानुवर्षं सांगितली जाते. पाकिस्तानचं म्हणणं एकच, आमच्याकडे कुणीही नाही. २००७ मध्ये नातेवाइकांना तिथले तुरुंग बघू दिले, त्यांत दमयंतीबाईही होत्या. सगळे रिकाम्या हातांनी परतले. त्या यादीतले सगळेच जिवंत पकडले गेले होते असं मी म्हणत नाही. तांबे आज असतील असंही नाही. मला एवढंच म्हणायचंय की जे कळायला हवं ते कुणीतरी तिथे कधीतरी लिहून ठेवलेलं असणार, आणि ते मागायचा हक्क चौपन्न वर्षांनी शिळा होत नाही.

कायदा सात वर्षं थांबतो. सात वर्षं काही कळलं नाही तर माणूस गेला असं धरता येतं. आपली रीत बारा वर्षांची. तुमच्या वाड्यात झालं होतं ना ते? भाऊकाका घरातून गेले, ते परत आलेच नाहीत. बारा वर्षं पुरी झाल्यावर भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला. तू आणि मी जिन्यात बसून बघत होतो. सगळं मांडून झालं आणि काकू उठल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदर खोचून मागच्या दारी गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. तुझ्या आजोबांनी भटजींना दक्षिणा देऊन परत पाठवलं.

आणि रेशनचं दुकान आठवतंय? दुकानदार दरवर्षी म्हणायचा, वहिनी, एक नाव कमी करून टाका. काकू म्हणायच्या, "गावाला गेलेत." पण काकांच्या वाटची साखर त्यांनी एकदाही उचलली नाही. "ते आले की घेऊ." मी पिशवी धरून शेजारी उभा असायचो. तेव्हा मला ते वेड वाटायचं. आता वाटतं, त्या घरात सगळ्यांत चोख हिशेब काकूंचाच होता. खोटं घेतलं नाही आणि खोटं लिहूही दिलं नाही.

काकूंना आपण कधी म्हटलं का रे, आता सोडा म्हणून? मग दमयंतीबाईंच्या वतीने ते आपण कसं ठरवायचं?

वाडा बिल्डरला देताय असं वहिनी म्हणाल्या. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत काकूंचं ते रेशनकार्ड अजून असणार. रद्दीत घालू नकोस. मी पंधरा दिवसांत येतोच आहे, तोवर जपून ठेव.

तुझाच,
बाळ्या