बाई, चिमट्यांचा डबा माझ्याकडेच आहे

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या निवृत्तीच्या सत्काराला आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. चार पानं लिहून आणली होती. कागदोपत्री तुमचा जन्म १ जूनचा, निम्म्या महाराष्ट्रातल्या मास्तरांसारखा. त्यामुळे ३१ मेला आपल्या केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातून, एकदम चौघं निवृत्त आणि चौघांवरची भाषणं. माझा नंबर येईपर्यंत मंडपामागे पत्रावळ्या वाजायला लागल्या होत्या. कुणीतरी हातानेच खूण केली, उरका. मंडपवाले, आचारी, माईकवाले यांचे आभार मानून मी खाली बसलो. तुमचे राहूनच गेले. ते आता इथे, चारचौघांदेखत मानतो. नुकत्याच लागलेल्या एखाद्या मास्तराच्या नजरेला पडलं तर बरंच.

मी २०१९ च्या शिक्षक भरतीतला. पाटण तालुक्यातली डोंगरावरची दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे, पोरं २३. शिक्षणसेवकाचं, म्हणजे कायम होण्याआधीच्या मास्तराचं, मानधन तेव्हा महिन्याला ६००० रुपये होतं. त्यातले अकराशे मी पहिल्याच महिन्यात तक्त्यांवर घातले. कराडहून आणलेले, लॅमिनेशन केलेले, मुळाक्षरं, फळं, वाहनं, सगळं. स्टुलावर चढून ते तुळईच्या खाली, थोर पुरुषांच्या तसबिरींशेजारी ओळीत ठोकले. वर्ग काय देखणा दिसत होता! पंधरा दिवसांत भिंतींना ओल आली आणि तक्ते कडांनी पापडासारखे वळले.

शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या मास्तरांच्या बैठकीच्या, दिवशी जेवताना मी तुमच्याजवळ रडगाणं गायलं. पोरं ऐकत नाहीत, घसा बसलाय, पहिलीला शिकवावं तर दुसरी उधळते. तुम्ही सल्ला दिला नाही. पुढच्याच आठवड्यात अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून माझ्या वर्गात मागे बसकरपट्टीवर येऊन बसलात. तासभर एक शब्द नाही. मला वाटलं, बाई माझ्या शिकवण्याच्या नोंदी घेताहेत. तास संपल्यावर कागद पुढे केलात तर त्यावर नुसत्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या. ३४.

"सर, एका तासात पोरं चौतीस वेळा तुमच्याकडे आली. खडू द्या, पाटीपुसणी कुठंय, एकीला जाऊ, पाणी पिऊ, ह्यानं माझी पेन्सिल घेतली. अभ्यासाचं विचारायला चारच वेळा." मग वर बघत म्हणालात, "आणि हे तक्ते कुणासाठी लावलेत? साहेबांसाठी?"

त्या दिवशी मला राग आला होता, आज सांगून टाकतो. घरी जाताना एसटीत मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत होतो. पण तो ३४ चा आकडा काही डोक्यातून जाईना.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आपण वर्ग लावला. तुमचा नियम एकच होता: पोराला जे लागतं ते पोराच्या हाताला आलं पाहिजे आणि परत कुठे ठेवायचं ते त्याला न विचारता कळलं पाहिजे. बुटांची खोकी, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, तेलाचे कापलेले डबे. प्रत्येकावर आतल्या वस्तूचं चित्र, कारण पहिलीला अजून वाचता येत नाही. मी नावं लिहायला घेतली होती, तुम्ही पेन काढून घेतलंत. खिडकीच्या गजाला सुतळी, सुतळीला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना पोरांची चित्रं. एकीला जायचं तर खिळ्यावरचा लाकडी ठोकळा गळ्यात घालायचा आणि जायचं. ठोकळा जागेवर नसेल तर कुणीतरी गेलंय, थांबायचं. एवढ्या एका ठोकळ्याने माझी दिवसाची वीस-पंचवीस वाक्यं वाचवली.

हजेरीचा पडदा तुम्ही घरून शिवून आणलात, जुन्या हिरव्या साडीचा, खिसेवाला. डावीकडे घर, उजवीकडे शाळा. आल्या आल्या पोराने आपली चिठ्ठी घरातून शाळेत न्यायची. मग स्वयंपाकाच्या ताई दारात येऊन "किती?" विचारायच्या, तेव्हा मी नाही, दुसरीतलं एक पोर चिठ्ठ्या मोजून सांगायचं. एकवीस आले, एकाचा उपास, वीस जेवणार. वजाबाकीचा पाठ मला वेगळा घ्यावाच लागला नाही. एके दिवशी एका मुलीने मैत्रिणीची चिठ्ठी दोन्ही बाजूंच्या मधोमध शिवणीवर अडकवलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "ती वाटंत हाय सर, गुरं सोडून यायलीय." शासनाच्या हजेरीपत्रकात असा रकाना नाही.

आता गणिताचं. दुसरीतला एक पोरगा सत्तावीस म्हटलं की ७२ लिहायचा. मी त्याच्या वहीत लाल फुल्या मारून थकलो होतो. तुम्ही म्हणालात, "त्याचं चुकलं कुठं? कानावर आधी सात पडला, त्यानं आधी सात लिहिला." त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचायला दिलं होतं आणि त्यावरून विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत रणं माजली होती. शिक्षण परिषदेतही दोन तट पडले होते. तुम्ही त्या वादात शिरलाच नाहीत. "काय म्हणायचं ते म्हणा हो, आधी पोराला सत्तावीस दिसू दे."

आणि पिशवीतून शंभर मण्यांची माळ काढलीत, दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल. दोन खिळ्यांना बांधली. पोराच्या हातात चिमटा दिलात. दहा, वीस, आणि पुढचे सात मणी बोटाने सारून त्याने चिमटा लावला. मग तुम्ही एकोणतीस सांगितलंत. त्याने पाटीवर ३१ लिहिलं. एकही ऐकलं होतं आणि तीसही. "तिसावर लाव. आता एक मणी मागं ये." तो मागे आला, चिमट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हंजी तीसला एक कमी!" एकाने उणे तीस ते एकोणतीस. मी डीएड करून आलो होतो बाई, पण त्या शब्दात 'ऊन', म्हणजे उणा, लपलाय हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्या जोरावर एकोणचाळीस, एकोणपन्नास त्याने न विचारता लावले. नव्व्याण्णवला मात्र अडला, तिथे मीही अडतो.

दुकानाचा खेळ तुमच्याकडे बघून मी माझ्या वर्गात लावला तेव्हा मारामारी झाली. प्रत्येकाला दुकानदार व्हायचं होतं, गिऱ्हाईक कुणालाच नाही. फोनवर तुम्ही एकच बदल सांगितलात: हिशेब चुकला आणि गिऱ्हाइकाने तो पकडला, तर दुकान गिऱ्हाइकाचं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं अशी डोळ्यांत तेल घालून सुटे पैसे मोजायला लागली की बाजारपेठेतल्या खऱ्या दुकानदाराला घाम फुटावा.

सगळंच जमलं असं नाही. वाचनकोपऱ्यातली दोरीवर टांगलेली पुस्तकं उंदरांनी दोनदा खाल्ली, शेवटी पत्र्याच्या पेटीत गेली. आणि शेवटची दहा मिनिटं आवराआवरीला द्यायची हे मला बरेच महिने पटत नव्हतं, अभ्यासाचा वेळ फुकट जातो वाटायचं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मग आम्ही ओसरीवर, देवळात पोरं बसवायला लागलो, तेव्हा तीच पोरं डबे न सांगता मांडत आणि न सांगता भरत होती. तेव्हा पटलं.

या जूनमध्ये पहिलीला सात पोरं आलीत. पडद्याच्या साडीला तीन ठिगळं लागली, पण खिसे शाबूत आहेत. सरावाला म्हणून दिलेला चिमट्यांचा डबा तुम्ही सत्काराच्या दिवशी हळूच विचारलात, "आणला का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू आलं होतं. तुम्हाला आता कपडे वाळत घालायला नवे घ्यावे लागतील.

आपला,
पहिली-दुसरीचे सर