‘चूक माझीच’ हे वाक्य थांबवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

कामगार न्यायालयाने मंजूर केलेली रक्कम माझ्या पतींच्या खात्यात जमा झाली, हे तुम्हाला फोनवर कळवलेच आहे. परंतु तुम्ही आमच्यासाठी जे केलेत ते फोनवरच्या दोन वाक्यांत मावणारे नाही, आणि अशीच वेळ आलेल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील इतर कुटुंबांच्याही ते वाचनात यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये रबाळ्याच्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली (धातूचा पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राखाली) यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. तिसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस साठ हजार रुपये आणि ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असा मजकूर टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन रुग्णालयात आला. औषधांची उधारी वाढत चालली होती आणि मी यांना सही करायला सांगणारच होते. तुम्ही शेजारच्या खाटेवरील पुतण्यासाठी डबा घेऊन आला होतात. आपली ओळखसुद्धा नव्हती. तुम्ही म्हणालात, “ताई, सहीआधी तो कागद मला एकदा वाचू द्या.” भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम १७ नुसार रद्दबातल ठरतो, पण सही झालेला कागद पुढे वर्षानुवर्षे आडवा येतो, हे तुम्ही त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या समजावून सांगितलेत.

मग तुम्ही ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कार्डाबद्दल विचारलेत. या प्रश्नाचे महत्त्व मला फार नंतर कळले. ज्याला त्या योजनेचे संरक्षण असे त्याला १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नसे, त्याचे लाभ विमा महामंडळाकडूनच मिळत. यांचा पगार तेवीस हजार, म्हणजे योजनेच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेबाहेर होता, म्हणून आमची वाट कामगार न्यायालयाची ठरली. केस पेपर, औषधांच्या पावत्या, पगाराच्या नोंदी असलेले पासबुक हे सारे तुम्ही त्याच संध्याकाळी एका निळ्या फाइलीत लावून दिलेत, आणि दोन वर्षांची मुदत असली तरी वाट न पाहता आठवड्याच्या आत मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवायला लावलीत.

तथापि माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट कागदपत्रांची नाही. हे रात्र रात्र जागत आणि “चूक माझीच, मी हात लवकर काढायला हवा होता,” असे पुटपुटत. मालकाच्या लेखी म्हणण्यातही नेमके तेच होते: कामगाराने स्वतः यंत्राचा गार्ड (हात आत जाऊ न देणारे आवरण) काढला, सबब आम्ही जबाबदार नाही. एके दिवशी तुम्ही यांच्यासमोर बसून सांगितलेत की, काम करताना आणि कामामुळे अपघात झाला एवढे सिद्ध झाले की भरपाईचा हक्क उभा राहतो, मालकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागत नाही आणि कामगाराच्या साध्या बेसावधपणाने तो हक्क बुडत नाही. गार्ड जाणूनबुजून काढला असेल तर कायद्यात अपवाद आहे खरा, पण ते सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. यांच्या सोबत्याने न्यायालयात सांगितले की, उत्पादन वाढवण्यासाठी तो गार्ड कित्येक आठवड्यांपूर्वीच उतरवून ठेवला होता. उलटतपासातही तो डगमगला नाही. नोकरी जाण्याची भीती असतानाही तो साक्षीला उभा राहिला, ते तुम्ही त्याच्या घरी तीन वेळा गेलात म्हणून. त्या साक्षीनंतर यांच्या तोंडून ते वाक्य मी पुन्हा ऐकलेले नाही.

‘हा आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस’ हा कंपनीचा बचाव त्याच कायद्याच्या कलम १२ पुढे टिकला नाही. आपल्याच धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेणाऱ्या मूळ मालकालाही भरपाई द्यावी लागते.

पगार जास्त असूनही हिशेबात महिना १५,००० रुपयेच धरले गेले, हे मला अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. त्याचे साठ टक्के म्हणजे ९,०००, त्याला यांच्या चाळीस वर्षे वयासाठी कायद्याने ठरवलेला गुणांक १८४.१७, आणि एका हाताची तीन बोटे गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात दिलेले ३० टक्के, असे मिळून ४,९७,२५९ रुपये झाले. शिवाय अपघाताच्या तारखेपासून १२ टक्के व्याज आणि औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च. हा हिशेब तुम्ही पहिल्याच महिन्यात वहीच्या पानावर मांडला होता, आणि निकालपत्रातला आकडा रुपयासुद्धा न चुकता तोच निघाला.

तुम्ही आमच्याकडून रिक्षाभाडेही घेतले नाहीत, त्याचे ओझे मला आहे. महापे येथील एका कामगाराची पत्नी परवा आमच्याकडे आली होती. तिच्या नवऱ्याचा पंजा चेचला आहे आणि तिच्याही हातात तसाच एक स्टॅम्प पेपर होता. सही झालेली नाही. आमच्या नोटिशीची प्रत तिला दिली आहे, आणि येत्या रविवारी सकाळी तिला घेऊन आम्ही दोघे तुमच्याकडे येत आहोत. निळी फाइलही सोबत आणतो.

आपली कृतज्ञ,
घणसोलीची तुमची ताई