सिस्टर सिरिल, वेळापत्रकातल्या त्या एका तासाबद्दल

आदरणीय सिस्टर सिरिल,

सा. न. वि. वि.

मराठी पत्र असं चार अक्षरांनी सुरू होतं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शाळेत असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, आली असती तर इंग्रजीतून लिहिलं असतं. आता तुम्ही नाहीत, तेव्हा भाषेची अडचण उरलेली नाही. माझ्या भाषेतल्या चार लोकांनी वाचावं म्हणून हे उघड पत्र.

निमित्त अगदी साधं आहे. आमच्या शाळेचं वेळापत्रक लावायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मे महिन्याच्या अखेरीस जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरायचा, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायचं. गणिताचे तास सगळ्यांना सकाळी हवे असतात, पीटीचे सर एकच, प्रयोगशाळाही एकच. या ओढाताणीत मी दर वर्षी एक तास लपवून ठेवल्यासारखा वाचवते. तो तास तुमचा आहे, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

१९८९ साली बाबांची बदली कोलकात्यात सियालदाला झाली आणि आम्ही नारकेलडांग्याच्या रेल्वे कॉलनीत राहायला गेलो. मी पाचवीत. तुम्ही मुख्याध्यापिका होतात त्या लोरेटो डे स्कूलमध्ये नाव घातलं. आधीच्या शाळेत कार्यानुभवाचा तास मला फार आवडायचा, कारण त्यात काही करावं लागत नसे. काडेपेटीच्या काड्यांची झोपडी करायची, वर्षभर तीच. बाईंनाही त्या तासाला वह्या तपासायला मिळत. तुमच्याकडे त्याच तासाला, तिकडे त्याला वर्क एज्युकेशन म्हणत, मला चटईवर बसवून समोर एक मुलगी दिली. असेल सहा-सात वर्षांची. केसांच्या जटा, अंगात कुणाचा तरी शर्ट. हिला शिकव.

कसं शिकवायचं हे थोडंफार सांगितलं होतं. का शिकवायचं यावर मात्र कुणी भाषण दिलं नाही. गरिबांवर दया करा, आपण किती भाग्यवान आहोत, असलं काहीही नाही. पाचवीपासून पुढच्या मुलींच्या वेळापत्रकात तो तास होता, जसा भूगोल होता. भूगोल आवडो न आवडो, तास भरतोच.

मला तेव्हा बंगाली येत नव्हतं. शिकवणारीला विद्यार्थिनीची भाषा येईना, पण तिला मात्र फलाटावरचं हिंदी झकास येत होतं. तिच्या शिव्याही. ती सियालदा स्टेशनात काकड्या विकणाऱ्या एका बाईबरोबर बसायची. दोन रुपयांतून पंचाहत्तर पैसे वजा जाता किती, हे ती माझ्याआधी सांगायची. तहान लागली की म्हणायची, ‘जॉल खाबो’. मी घरी जाऊन सांगितलं, आमच्या वर्गात एक मुलगी पाणी खाते. बाबा हसत सुटले. बंगालीत पाणीही खातात आणि सिगारेटही खातात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला मी पाटीवर चार गोल काढले आणि म्हटलं, किती ते लिही. तिनं आठ लिहिलं. मी चूक म्हणून फुली मारली. तिनं फुली पुसली. मी परत मारली. मग ती मला खिडकीशी घेऊन गेली आणि खाली जाणाऱ्या बसच्या पाटीकडे बोट दाखवलं. बंगालीतला चार इंग्रजी आठासारखाच दिसतो, सिस्टर. तुम्हाला ते ठाऊकच होतं, मला नव्हतं. जिला काहीच येत नाही असं समजून मी सुरुवात केली होती, ती बसचे नंबर वाचत शहरभर हिंडत होती. आज मी गणित शिकवते. मुलाचं उत्तर चुकलेलं दिसलं की लाल पेन उचलण्याआधी विचारते, हे तू काय लिहिलंस? निम्म्या वेळा उत्तर खरंच चुकलेलं असतं. उरलेल्या निम्म्या वेळी चार असतो.

आईला हे सगळं बिलकूल पटलं नाही. ‘फी आम्ही भरायची आणि शिकवायचं पोरीनं?’ हे तिचं वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकू आलं. दुसरी काळजी उवांची, आणि ती रास्त होती. माझ्या डोक्यात उवा झाल्याच. फणी, खोबरेल आणि बडबड, असा आमचा शनिवारचा कार्यक्रम असे. बाबा फारसं बोलत नसत. त्यांचा दिवस स्टेशनातच जायचा. एकदाच म्हणाले, ‘ती पोरं मला रोज फलाटावर दिसतात. तुला वर्गात दिसू देत.’ आईचं मत पुढे बदललं, असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही बदललं.

ती मुलगी आठ-दहा वेळा आली असेल. मग यायची बंद झाली आणि मला दुसरी मिळाली, मग तिसरी. मला राग यायचा. वहीत माझ्या नावापुढे कुणीतरी पूर्ण शिकलेलं दिसावं, अशी माझी हौस. तुमचा रेनबो, म्हणजे रस्त्यावरच्या मुलांना शाळेतच शिकवायचा तो उपक्रम, मुळातच या येण्याजाण्यासाठी बांधलेला होता, हे फार पुढे उमगलं. १९८५ साली तुम्ही तो सुरू केलात. मूल येईल तेव्हा यावं, जिथं थांबलं तिथून पुढे शिकावं, एकेकाला एकेक शिकवणारी मिळावी, आणि तयारी झाली की वयाच्या मानानं ज्या वर्गात असायला हवं त्या वर्गात नेऊन बसवावं. हजेरीपटाला मुलाच्या पोटापाण्याशी जुळवून घ्यायला लावणारी शाळा मी तरी दुसरी पाहिली नाही. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण ही तरतूद २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात आली, तेव्हा आमच्या शिक्षक प्रशिक्षणात ती नवी कल्पना म्हणून समजावली गेली. मी मागच्या बाकावर बसून चटई आठवत होते.

तुमची हकीकत तुम्हालाच सांगणं वेडेपणाचं, पण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती माहीत नसेल. आयर्लंडमधल्या ब्रे गावी १९३६ साली तुमचा जन्म. विशीत, १९५६ साली, लोरेटो या कॅथलिक जोगिणींच्या संघाच्या सिस्टर म्हणून भारतात आलात. आधी बरीच वर्षं लखनौ, आणि १९७९ पासून सियालद्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, त्या थेट २०११ पर्यंत. तुम्ही आलात तेव्हा शाळेत ७९० मुली होत्या आणि त्यांतल्या ९० गरीब घरांतल्या. १९९८ पर्यंत पट १४०० वर गेला आणि त्यातल्या ७०० मुली फी न भरता शिकत होत्या. म्हणजे निम्म्या. शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळांना सांगितलं ते २५ टक्के, तेही अकरा वर्षांनी. आणि अल्पसंख्याकांच्या, म्हणजे तुमच्यासारख्या ख्रिस्ती संस्थांच्याही, शाळांना तर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली त्या कायद्यातूनच वगळलं. तुम्हाला कुणी सक्ती केली नव्हती, पुढेही कुणी केली नसती.

या आकड्यांपेक्षा मला एक बारीक गोष्ट मोठी वाटते. दोन वर्षं माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण फी भरत नाही, हे मला सातवीत कळलं. तेही तिनंच सांगितलं म्हणून. गणवेश तोच, बाक तोच, रागावणंही तेच. आज पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांच्या नावापुढे हजेरीपटात खूण करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तेव्हा हा बारकावा किती कष्टानं सांभाळला असेल, ते कळतं.

शाळेत मेरी वॉर्डबद्दल सांगत, ते मी तेव्हा धड ऐकलं नव्हतं. पुढे वाचलं. सतराव्या शतकातली ही इंग्रज बाई. सिस्टरांनी मठाच्या चार भिंतींत न कोंडून घेता बाहेर पडून मुलींना शिकवावं, एवढंच तिचं म्हणणं. १६३१ साली पोपनं तिची संस्थाच बंद करून टाकली आणि तिला म्युनिकमध्ये एका मठात कैदेत ठेवलं. तिथून ती लिंबाच्या रसानं पत्रं लिहून बाहेर पाठवायची. कागद शेकला की अक्षरं उमटत. तिच्या परंपरेतल्या लोरेटो सिस्टर १८४१च्या डिसेंबरअखेर आयर्लंडहून जहाजानं कोलकात्याला पोचल्या, त्यांची पुढारी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होती. मदर तेरेसाही मूळच्या लोरेटोच्याच, एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत शिकवायच्या. १९४८ साली त्या गरिबांत काम करायला कॉन्व्हेंटबाहेर पडल्या. तुम्ही उलटं केलंत, असं मला नेहमी वाटतं. तुम्ही कॉन्व्हेंटचं दार आतून उघडलंत आणि रस्त्यालाच आत घेतलंत. दोन्हींत थोर काय, या वादात मला पडायचं नाही. शिक्षिका म्हणून मला दुसरं जास्त उपयोगी पडलं, एवढं खरं.

गुरुवारी मोठ्या मुली बसनं गावांकडे जात, तिथल्या शाळांतल्या मुलांना शिकवायला. दीडशेच्या आसपास मुली दर आठवड्याला. मीही गेले. बसमध्ये गाणी, उलट्या, डबा सांडणं, सगळं आलं. त्या गावातल्या मास्तरांना आमचा वैताग येत असणार, असं आता माझ्याकडे बाहेरून कुणी ‘उपक्रम’ घेऊन आलं की हमखास मनात येतं. पुढे तुम्ही हजारो ‘बेअरफूट’ शिक्षक, म्हणजे गावा-वस्त्यांतल्याच तरुणांना शिकवून घडवलेले शिक्षक, तयार केलेत, वीटभट्ट्यांवरच्या मुलांपर्यंत पोचलात, मुलींना राहायला रेनबो होम उभी केलीत. हे सगळं मी वर्तमानपत्रांतून वाचलं. एका कामाबद्दल वाचताना मात्र पेपर खाली ठेवला. तुमच्या विद्यार्थिनी आपापल्या वस्तीत घरकाम करणाऱ्या लहान मुली शोधून त्यांच्याशी मैत्री करत होत्या. आमच्या कॉलनीतही एक होती, शेजारच्यांकडे. माझ्याएवढीच. मी चटईवर एका मुलीला शिकवून घरी यायचे आणि जिन्यात भांडी घासणारी ही मला दिसायची नाही. रोज होती, सिस्टर. तिच्या अंगावरून मी वर जायचे.

एक शंकाही लिहिते, कारण नुसती स्तुती तुम्हाला रुचली नसती असं वाटतं. दहा वर्षांची मुलगी शिक्षक होऊ शकत नाही. मी वाईट शिकवलं, फुल्या मारल्या, चिडले. फलाटावरच्या मुलीला चांगली, पगारी, प्रशिक्षित बाई मिळायला हवी होती, हा तिचा हक्क. माझ्या शिकण्यासाठी तिला वापरलं का, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत फार छळत असे. आता इतकंच म्हणेन, ती पगारी बाई यायची वाट तुम्ही बघत बसला नाहीत. पन्नास मुलांच्या वर्गात मागे बसून काहीही न कळण्यापेक्षा, एक तास फक्त आपल्याकडे बघणारी, चुकत का होईना भांडणारी पोरगी बरी. तरी शंका पूर्ण गेलेली नाही.

१९९४ साली शाळेला युनेस्कोचा साक्षरतेचा नोमा पुरस्कार मिळाला. तुम्हाला २००७ साली पद्मश्री मिळाली, आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनीही सन्मान केला. सत्कार पुष्कळ झाले, नक्कल मात्र फार कमी शाळांनी केली. पाहुण्यांना दाखवायला एखादा दिवस सगळेच काढतात. दर आठवड्याचा तास द्यायचा तर कुणाचा तरी तास जातो, आणि तिथं खरी मारामारी असते. तुम्ही बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होतात. वेळापत्रक कोण लावतं, त्यावर शाळा ठरते, हे मी तुमच्याकडून शिकले, आणि म्हणून हे कंटाळवाणं काम मागून घेतलं.

२५ जून २०२३ला रविवार होता. तुम्ही गेल्याचं एका वर्गमैत्रिणीच्या निरोपातून कळलं. आमच्याकडे शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. सोमवारी पहिला तास सातवी, अपूर्णांक. शिकवला.

आमच्या शाळेमागे इमारतीचं काम चालू आहे. तिथल्या मजुरांची पोरं यंदा दर शुक्रवारी शेवटच्या तासाला येतात. कधी अकरा, कधी चार, पाऊस असला की एकही नाही. सातवीच्या मुलांना प्रत्येकी एक जण वाटून दिला आहे. गेल्या आठवड्यात एका पालकांचा लेखी अर्ज आला. व्यवस्थित टाइप केलेला, खाली सही. त्यातलं तिसरं वाक्य वाचून मी एकटीच हसले. फी आम्ही भरायची आणि शिकवायचं आमच्या मुलानं, हे आम्हाला मान्य नाही.

आईच्या अक्षरात नव्हतं, एवढाच फरक.

अर्जाला उत्तर द्यायचं आहे, मसुदा दोनदा फाडला. उवांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, पण मी लिहिणार आहे. फणी ठेवा म्हणून.

तुमची,
१९८९च्या पाचवीतली एक विद्यार्थिनी