मुंबईच्या रेडिओची शंभरी

महोदय,

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. २०२७ मध्ये त्याची शंभरी भरेल. हाच दिवस राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो, पण त्याचा उगम आपल्या शहरात आहे हे किती मुंबईकरांना माहीत असेल?

त्याआधीही इथे हौशी मंडळींनी १९२३ मध्ये रेडिओ क्लबमार्फत कार्यक्रम प्रसारित केले होते. त्या काळची संध्याकाळ कशी असेल, ते मुलांना प्रत्यक्ष अनुभवता यावे असे मनापासून वाटते. साध्या क्रिस्टल रेडिओ संचाला वीज लागत नसे. गच्चीवर ताणलेली लांब तार, गॅलिना या शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर बारीक तारेचे टोक सरकवत नेमकी जागा शोधायची आणि हेडफोन कानाला लावायचा! केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॉट, त्यामुळे आवाज क्षीण. शिवाय रेडिओ ठेवण्याच्या परवान्याचे वर्षाला दहा रुपये, ही तेव्हा चाकरमान्याला जड रक्कम होती. श्रोते थोडेच राहिले, खर्च भागेना आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. मग सरकारने प्रसारण हाती घेतले.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत यंदापासूनच असे संच बनवून घ्यावेत. घरोघरी माळ्यावर पडलेले जुने परवाने, संच आणि छायाचित्रे भंगारात जाण्याआधी आकाशवाणीने व महापालिकेने ती मागवून घ्यावीत आणि कायमस्वरूपी दालन उभारावे, ही विनंती.

— एक श्रोता, गिरगाव