दुसरी किल्ली

सोलापूर,
रविवार, दुपार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस वेळेवर पोचली. नको म्हटलं तरी बाबा स्टेशनवर आलेच. घरी येऊन बघते तर बॅरल काठोकाठ भरलेलं. नळ रात्री तीनला आला होता, यांना जाग कुठली येतेय! शेजारच्या अक्कांनीच त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, पाणी भरलं आणि कुलूप लावून गेल्या. बाबांना सकाळी कळलं.

हे फोनवर सांगितलं असतं तर ‘आई, झालं का तुझं पुन्हा सुरू’ म्हणाली असतीस. म्हणून लिहितेय. किल्लीचं बोलणार नाही असं गाडीतच ठरवलं होतं, कुर्डुवाडीपर्यंत टिकलं.

तुझ्या प्लेटलेट ४० हजारांवर आल्या आणि ते मला मावशीच्या पोराकडून कळलं, याचा राग आता गेलाय. गेला नाही, पण असू दे. मला सारखं एकच दिसतं, तू तापात एकटी आणि दाराला आतून कडी. थर्मामीटर मागायला मी समोर गेले, तर त्या बाईंनी दाराची साखळी न काढता फटीतून दिला. वाईट नाहीत गं त्या, नंतर पेजेला तांदूळ हवेत का विचारायला आल्या. पण त्यांचा पहिला प्रश्न काय, तर ‘समोर कोण राहतं?’ दीड वर्ष झालं तुला तिथं.

आपली गल्ली तुला नकोशी का झाली ते मी जाणून आहे. कॉलेजातून अर्धा तास उशीर झाला की तीन घरांतून विचारणा. तू दात-ओठ खायचीस. मलाही नवी नवरी असताना तसंच व्हायचं, कधी बोलले नाही एवढंच.

आमच्या लग्नाच्याच वर्षी भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे मेल्यासारखे झोपलेले. पहाटे चारच्या आत भांडी खडखडायला लागली. सगळी गल्ली रस्त्यावर, कुणाच्या अंगावर धड कपडे नाहीत. त्या गोंधळात अक्का मात्र मोजत होत्या. तेलुगूत, बोटं मोडत, एकेक घर घेऊन. मग ओरडल्या, माडीवरची म्हातारी आली नाही! दोघं वर धावले. म्हातारी खाटेवर बसून चष्मा शोधत होती. आपल्याकडे कुणाला खरचटलंही नाही. किल्लारीकडे जवळजवळ १०,००० माणसं गेली. दोन दिवस घरोघरी ज्वारीच्या भाकरी थापल्या, कडक करून पोत्यांत भरल्या आणि टेम्पोनं तिकडं पाठवल्या. माझ्या मेंदीच्या हातांना तेव्हा पहिल्यांदा चटके बसले.

तुझ्या बिल्डिंगमध्ये असं काही झालं तर मोजताना तुझं नाव कोण घेईल? झालं, आलेच मी तिथं. माफ कर.

अक्का म्हणजे कुणी देवी नव्हेत, हे तुला सांगायला नको. तू चौथीत असताना आपलं बॅरल वाहिलं आणि पाणी त्यांच्या सुपात गेलं. दिवसभर वळलेल्या विड्या भिजल्या, कारखान्यानं घेतल्या नाहीत. चूक आपली होती. मीच उलट म्हटलं, सूप उंबऱ्याबाहेर ठेवावंच कशाला? सहा महिने आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. त्यातच आपण तुळजापूरला गेलो, परत आलो तर बॅरल भरलेलं. मी थँक्यू म्हटलं नाही, त्यांनी विचारलं नाही. भांडण चालूच राहिलं, पण किल्ली मी मागून घेतली नाही आणि त्यांनी आणून दिली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विडी कारखाने बंद पडले, तेव्हा भिशी त्यांना नंबर नसताना दिली. दोघी कुरकुरल्या. त्यातली एक मी होते, घरात तुझी फी भरायची होती. बाबांचं दुखणं झालं तेव्हा रिक्षा कुणी आणली ते तू पाहिलंच आहेस.

मला काय म्हणायचंय ते नीट जमत नाही. तू एकटी रिक्षानं रक्त तपासायला गेलीस, भाडं-बिडं सगळं तूच बघतेस, हे मी इथं दहा जणींना सांगून झालंय. आपल्या घरातली पहिली मुलगी तू. पण दहाव्या जणीला सांगताना माझा आवाज बसला.

पार्सलात शेंगाचटणीच्या दोन पिशव्या आहेत. मोठी तुझी. लहान समोर दे, थर्मामीटरबरोबर. तो माझ्या पर्समध्ये आला होता, तोही घातलाय, म्हणजे तुला बेल वाजवावीच लागेल. किल्ली लगेच दे म्हणत नाही. आधी नाव विचार. पपईच्या पानांचा रस पुरे आता, डॉक्टरांचं ऐक.

तुझी,
आई

ता. क. अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पुण्यात नळाला रोज पाणी येतं का? हो म्हटलं. थोडा वेळ विडी वळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग किल्ली कशाला कोण ठेवून घेईल?’