छायाचित्रातील मोकळी जागा कातरू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात वाचकांनी टिपलेली निसर्गछायाचित्रे नियमाने प्रसिद्ध होतात आणि पन्हाळा, मसाई पठार, राधानगरी, रंकाळा यांना त्यांत आवर्जून स्थान मिळते, याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र छापताना या छायाचित्रांतील आभाळ, धुके किंवा पाणी पुष्कळदा कातरलेले आढळते, नाहीतर त्यावरच मथळा चढवलेला असतो. पानावरची जागा मोलाची असते हे मान्य आहे; तरीही ज्या छायाचित्रात मुख्य विषय मुद्दाम लहान ठेवलेला असतो, तेथील भोवतालची मोकळी जागा, जिला छायाचित्रकार निगेटिव्ह स्पेस म्हणतात, विषयाइतक्याच विचाराने निवडलेली असते, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

रंकाळ्यातील संध्यामठाचेच पाहा. पाण्याची पातळी उतरली की ही दगडी वास्तू उघडी पडते. जवळून काढलेल्या छायाचित्रात तिचे खांब आणि दगडांची घडण दिसते, त्याचेही मोल आहेच. पण तोच मठ चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा ठेवला आणि उरलेल्या भागात केवळ पाणी आणि हिवाळी सकाळचे धुके येऊ दिले, तर तलावाचा विस्तार आणि वास्तूचे एकटेपण एकदमच जाणवते. असे छायाचित्र सहज मिळत नाही. पलीकडच्या काठावरच्या इमारती, विजेच्या तारा, तरंगणारा कचरा यांपैकी काहीही चौकटीत शिरणार नाही अशी उभे राहण्याची जागा शोधावी लागते, कारण निवांत पसाऱ्यात एखादी तारसुद्धा नजर ओढून घेते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे पांढरे धुके मळकट उमटते. ते टाळण्यासाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) साधारण एक स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवावे लागते. लाटा पुसून पाणी एकसंध दाखवायचे असेल, तर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारी गडद काच, भिंगापुढे लावतात. मग जे छायाचित्र १/३० सेकंदात झाले असते, त्यासाठी सुमारे ३४ सेकंद शटर उघडे ठेवावे लागते आणि तेवढा वेळ कॅमेरा तिपाईवर अजिबात हलून चालत नाही. एवढ्या खटाटोपाने मिळवलेले पाणी पान लावताना क्षणात नाहीसे व्हावे, याचे वाईट वाटते.

कोल्हापूरला तर ही दृष्टी परकी नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ हा परिसर पुनःपुन्हा रंगवला आणि चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रे राजारामपुरीतील संग्रहालयात आजही पाहता येतात. कागदाचा पांढरा कुठे राखायचा हे येथे जलरंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच कळते आणि चित्रातले आभाळ कापून चित्र छापावे असे कोणी सुचवणार नाही. छायाचित्रणातही या दृष्टीने मोठे काम झाले आहे: मायकेल केन्ना यांनी जपानमधील होक्काइदो बेटावरील बर्फात एखादेच झाड किंवा कुंपणाची रेघ टिपली, तर हिरोशी सुगिमोतो १९८० पासून केवळ समुद्र, आकाश आणि त्यांमधील क्षितिज यांचीच छायाचित्रे घेत आले. आपल्याकडे बर्फ नाही, पण श्रावणात मसाई पठारावर उतरणारे धुके मागचे डोंगर तितक्याच पूर्णपणे झाकून टाकते.

अर्थात प्रत्येक रिकामे छायाचित्र चांगले असते असे नाही. मोकळा भाग हाताने झाकून पाहावा. झाकल्यावरही छायाचित्र तेच सांगत असेल, तर तो भाग खरोखर अनावश्यक होता आणि कात्री योग्यच ठरते. आणखी एक गोष्ट मला निकडीची वाटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठची शेते आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा पाण्यात बुडालेल्या घराचे एकच छप्पर दिसत असेल, तर त्याला सुंदर रचना म्हणून पाहणे मला मंजूर नाही. ते बातमीचे छायाचित्र आहे आणि त्यात माणसांची हानी स्पष्ट दिसली पाहिजे.

निसर्गचित्रांपुरती मात्र विनंती अशी की, चार स्तंभांत कापून छापण्याऐवजी ती दोन स्तंभांत, पण पूर्ण छापावीत. मथळा आणि नाव चौकटीखाली द्यावे. आणि कातरणे अटळच असेल, तर पाठवणाऱ्याला आधी विचारावे. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि फिकट छटा गढूळ होतात, म्हणून धुक्याची छायाचित्रे छपाईपूर्वी थोडी उजळ करून घेतली, तर तीही अधिक स्वच्छ उमटतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर