संत्र्याची डहाळी

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी गोंदून घ्यायचा विषय काढला आणि बाबा, तुम्ही एवढंच बोललात, "अंगावरची रेघ जन्माची असते, बाई." मग फोन आईकडे दिलात. आई बराच वेळ गप्प होती. मागे कुकरची शिट्टी झाली, आणि मग ती म्हणाली, "जेवण झालं काय तुहं?" त्या प्रश्नात जे होतं ते मला समजलं. म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर मधेच कोणी येतं, रेंज जाते, आणि सांगायचं ते अर्धंच राहतं. दादाला वाचून दाखवायला सांगा, पण त्याला मधे बोलू देऊ नका.

आई, आधी तुझ्याशी बोलते.

तुझ्या डाव्या हातावरचं तुळशीवृंदावन मी लहानपणी बोटानं गिरवायची. तू भाकरी थापायचीस तेव्हा ते हलायचं. मला ते फार सुंदर वाटायचं, आणि तुला ते कधीच आवडलं नाही हे मला खूप उशिरा कळलं. तू नऊ वर्षांची होतीस. मामांच्या वाड्यातल्या कडुनिंबाखाली दोन आत्यांनी हात धरले, एक पायावर बसली, आणि गोंदणारणीनं दोऱ्यानं बांधलेल्या सुया काजळात बुडवून टोचल्या. वर हळद दाबली. हात सुजला, ताप आला. हे सगळं तू मला एकदाच सांगितलंस, मी नर्सिंगला लागले त्या वर्षी, आणि शेवटी म्हणालीस, "दुखलं त्याचं काही नाई. मले कोनी विचारलं नाई." ते वाक्य मी वॉर्डात रोज आठवते. कोणालाही सुई लावण्याआधी मी सांगते आणि विचारते, पाच वर्षांच्या पोरालासुद्धा. ते मी कॉलेजात नाही शिकले.

आणि तो दिवस. मी आठ वर्षांची. आजीनं गोंदणारीण अंगणात बसवली होती, सुपात ज्वारी आणि गूळ काढून ठेवला होता. आजी वाईट नव्हती. दागिना चोर नेते, शेत सावकार नेते, गोंदण तेवढं बाईसोबत वर जाते, असं तिला मनापासून वाटायचं. नातीला रिकाम्या हातानं देवाकडे पाठवायचं नव्हतं तिला. पण तू चुलीपुढून उठलीस, पिठाच्या हातांनी मला ओढलंस आणि सासूसमोर उभी राहून म्हणालीस, "तिच्या हाताले हात लावाचा नाई. तिची कातडी हाय. मोठी झाली का ते ठरवन." त्या घरात तोवर तू आजीपुढे मान वर केलेली मी पाहिली नव्हती.

मग आपण दोघी संत्र्याच्या बगिच्यात जाऊन बसलो. आंबिया बहाराची फुलं लागली होती. संध्याकाळपर्यंत तू काहीच बोलली नाहीस, तुझ्या अंबाड्यावर पांढरी फुलं पडत होती आणि तू ती झटकत नव्हतीस. अंधार पडल्यावर बाबा बॅटरी घेऊन आले. मला वाटलं आता रागावतील. बाबा, तुम्ही बॅटरी बंद केलीत आणि आमच्याजवळ खाली बसलात. किती वेळ ते आठवत नाही. वास आठवतो. आजही नागपुरात जानेवारी-फेब्रुवारीत कुठल्या तरी बंगल्याच्या कुंपणातून लिंबाच्या फुलांचा वास आला की माझे पाय थांबतात.

मी आता छत्तीस वर्षांची आहे. मोठी झाली का ते ठरवन, असं तू म्हणाली होतीस. मी ठरवते आहे.

ठरवायला मला दोन वर्षं लागली हे तुम्हाला माहीत नाही. आधी मला तुझंच गोंदण हवं होतं, आई. जुनी गोंदणं आता राहिली नाहीत, आपल्या गावात तुझ्या वयाच्या चार-पाच बायकांच्या हातावर आहेत तेवढीच, ती जातील, म्हणून आपण एक उचलून ठेवावं असं वाटलं. दिवाळीत तू करंज्या लाटत होतीस तेव्हा मी डायरीत तुझ्या हाताचं चित्र काढत होते. तू पाहिलंस, पदर ओढलास आणि म्हणालीस, "ते नको उतरवू." मी ते पान त्याच रात्री फाडलं. चित्र कितीही देखणं असलं तरी ते तुझ्यावर बळजबरीनं आलं होतं. तू ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाहीस. मीच हौसेनं ते अंगावर काढून घेतलं, तर तू त्या दिवशी सासूशी भांडलीस कशासाठी?

मग तुमची नावं लिहावीत असं मनात आलं. बाबांचं नाव, आईचं नाव, देवनागरीत. पण मी रोज पेशंटचे हात पाहते. दहा-वीस वर्षांपूर्वी गोंदलेली नावं पाहते. शाई कातडीत हळूहळू पसरते, बारीक अक्षरांची पोटं भरतात, अनुस्वार शेजारच्या रेघेला चिकटतो, 'ध'चा 'घ' होतो, आणि जोडाक्षर तर ओळखूच येत नाही. तुमचं नाव माझ्या अंगावर धब्बा होऊन राहिलेलं मला चालणार नाही. देवाचं चित्र नको, ते तुम्हालाही पटेल. घाम, झोप, आजारपण, सगळं त्याच्यासकट. मोबाईलवर दिसणारी पिसं, होकायंत्रं, उडणारे पक्षी माझे नाहीत. मी पाहिली आणि सोडून दिली.

मागच्या मे महिन्यात जेसीबीनं बगिचा काढला तेव्हा मी सुट्टी घेऊन आले होते. डिंक्या रोगानं खोडं गेली होती, विहिरीनं तळ दाखवला होता, तुम्ही दोन वर्षं बोर्डो पेस्ट लावून लावून थकला होतात, बाबा. मला कारण माहीत आहे, मी तुम्हाला दोष देत नाही. पण मी बांधावर उभी राहून मोजत होते. दोनशे बारा झाडं. तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहिला नाहीत, पूर्ण वेळ मोटरच्या खोलीतच काहीतरी दुरुस्त करत होतात. विहिरीजवळचं एक तेवढं ठेवायला सांगितलंत. त्याच झाडाखाली आपण तिघं बसलो होतो. तुम्ही ते मुद्दाम ठेवलंत का, हे मी विचारलं नाही. आता विचारते.

तर मला संत्र्याची डहाळी हवी आहे. एकच, वीतभरही नाही. चार पानं, दोन मिटलेल्या कळ्या आणि एक उमललेलं पाच पाकळ्यांचं फूल. चित्र दिवाळीनंतर काढलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज सकाळी ड्यूटीला निघताना दिसतं. ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी काढून टाकायचं असं ठरवलं होतं. अजून आला नाही.

फूल पांढरं आहे आणि माझा रंग तुमच्यासारखा सावळा, इथे मी अडकले होते. पांढरी शाई असते, पण आपल्या रंगावर ती टिकून उठत नाही, काही वर्षांत पिवळट पडते. ज्या मुलीकडे गोंदायचं आहे तिनं मार्ग सांगितला. पानं काळ्या शाईनं भरायची, पाकळ्यांची फक्त बाहेरची रेघ काढायची आणि फूल आतून कोरं ठेवायचं. म्हणजे फुलाच्या जागी माझी कातडीच राहील, आई. तू सोडवून ठेवलेली. हे ऐकलं तेव्हा मी तिच्या दुकानात बसून रडले. तिनं बिचारीनं पाणी आणून दिलं.

आता बाबा, तुमच्याशी.

तुम्ही जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधताना मी कितीदा पाहिलं आहे. सालीला टी-च्या आकाराची चीर, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा. वरवर राहिला तर सुकतो, चाकू लाकडात गेला तर खुंट दुखावतो. गोंदणं तसंच आहे. वरची कातडी महिन्याभरात झडून नवी येते, त्यामुळे शाई तिथे ठेवून उपयोग नाही. तिच्या खालच्या थरात, एक-दोन मिलिमीटरवर, ती बसवावी लागते. फार खोल गेली तर पसरते आणि निळसर सावली उमटते. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की तिचे कण शेजारची उचलते. आईच्या हातावरचं काजळ साठ वर्षांनंतरही तिथेच आहे ते त्यामुळे. हात मात्र तुमच्यासारखा स्थिर लागतो. या मुलीचा आहे, मी तासभर तिच्याजवळ बसून पाहिलं.

रोगाची भीती तुम्हाला वाटते, ती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. आपण एका जत्रेत पाहिलं होतं ना, बॅटरीवरच्या मशीननं एकाच सुईनं पोरांच्या रांगेला नावं काढत होता आणि मधे फक्त चिंधीनं पुसत होता. तुम्ही मला ओढून नेलंत. फार बरं केलंत. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, तिन्ही तशा सुईनं जातात. बी-ची लस मी नोकरीला लागताना तिन्ही डोस घेतली आहे, सी-ला लसच नाही. म्हणून सुई माझ्यासमोर पाकिटातून फोडायची, शाई बाटलीतून वेगळ्या छोट्या टोपणात काढायची आणि उरलेली फेकायची, हातमोजे नवे, हे सगळं मी आधी विचारून आणि पाहून आले. तिला माझ्या प्रश्नांचा राग आला नाही. आला असता तर मी तिथून निघाले असते.

जागा डाव्या दंडावर, बाहेरच्या बाजूला, बीसीजीच्या खुणेच्या दोन बोटं खाली. खुणेवर नको, व्रणात शाई सारखी बसत नाही. कोपराच्या खाली मला चालत नाही. दिवसातून चाळीस वेळा हात धुवायचे, जखम भरणार कशी? आणि कोपराच्या आत गडद गोंदण असलं की आम्हालाच शीर शोधायला त्रास होतो, उद्या मीच पेशंट असले तर? दंड युनिफॉर्मच्या बाहीत झाकतो. पाहुण्यांपुढे आणि लग्नकार्यातही झाकता येईल. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून मी हे सांगते आहे असं समजू नका. विचार केला आहे एवढंच.

एका गोष्टीनं मात्र मला दोनदा मागे ओढलं. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. 20 डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीच्या शिबिरात तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत तेव्हा मी अठरा पूर्ण केली होती. पासष्ट झाल्यावर तुम्हाला टेबलावरून परत पाठवलं, आणि तुम्ही घरी येऊन पायरीवर बसून राहिलात. तेव्हापासून तुमच्या जागी मी जाते, एकही वर्ष चुकवलं नाही. या डिसेंबरात दिलं, येणाऱ्या डिसेंबरात नाही देता येणार. याचं मला खरंच वाईट वाटतं. दादानं कबूल केलं आहे की तो जाईल. त्याला सुईची भीती आहे, तरी कबूल केलं. तुम्ही त्याच्याबरोबर जा आणि माझ्या वेळी बसायचात तसे बाजूला बसा.

जन्माची रेघ, म्हणालात. हो. लेझरनं काढता येते म्हणतात, पण कण फोडायला कितीतरी बैठका लागतात, प्रत्येक बैठकीत आठवड्यांचं अंतर, आणि आपल्या रंगावर डाग राहण्याची भीती. काढून टाकू या भरवशावर मी गोंदत नाही. जन्माची राहणार म्हणूनच दोन वर्षं घेतली.

दादाच्या पोराला मात्र माझं पाहून काही सुचू देऊ नका. सैन्यभरतीला हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि पंजाच्या पाठीवर तेवढं चालतं. आदिवासी समाजाच्या रूढीच्या गोंदणाला वेगळी मुभा आहे, ती त्याला लागू नाही. दंडावर काढलं तर धावून धावून केलेली मेहनत वैद्यकीयमध्ये जाईल. त्याला माझ्याकडून हे सांगा. तो माझं ऐकतो.

फेब्रुवारीत करायचं म्हणते. थंडी असते, घाम नाही, दोन-तीन आठवड्यांत वरची जखम भरून जाते. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात नवं गोंदण उघडं टाकणं म्हणजे ते बिघडवणं.

आई, परवानगी म्हणून विचारत नाही, ती तू अठ्ठावीस वर्षांपूर्वी दिलीस. पण तुझ्या मनात काही टोचत असेल तर मला सांग. "जेवण झालं काय" म्हणू नको, सांग. मी थांबेन, चार महिने, वर्षभर. तुला हात दाखवल्यावर तू पदर ओढून घ्यावास असं मला काहीही नको.

आणि बाबा, कपाटावरचं चित्र मी आठवणीतून काढलं आहे. पानाच्या देठाला तो छोटासा पंख असतो, तो मला नीट जमत नाही, आणि कळी देठाशी कशी बसते तेही. विहिरीजवळच्या झाडाला यंदा पाणी तोडून ताण दिला होता का? बहार आला असेल तर एक डहाळी तोडा. मोठी नको, वीतभराची. ओल्या फडक्यात गुंडाळून दादाजवळ द्या, तो 28 तारखेला नागपूरला येतो आहे. बसमध्ये उन्हाच्या बाजूला ठेवू नको म्हणावं. फुलं गळली तरी चालतील, कळी आणि पानं शाबूत असू द्या. कुठली तोडायची ते तुम्हीच ठरवा.

तुमची पोरगी